तबेल्यासाठी कुत्रा निवडताना : घोडे पाळू लागलेल्यांसाठी मार्गदर्शन

शिरूर तालुक्यात आमची पाच एकर जमीन आहे आणि तिच्यावर सहा घोडे आहेत : दोन मारवाडी घोड्या, एक काठियावाडी, दोन खच्ची केलेले वयस्कर घोडे आणि मुलांच्या शिकवणीसाठी एक तट्टू. घोडे घेण्यापूर्वी मी पुष्कळ चौकशी केली होती. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याची यात्रा भरते, तेथे मी दोन वर्षे एक पैसाही खर्च न करता नुसता फिरून आलो होतो. कुत्रा मात्र एका रविवारी दुपारी फोटो पाहून घेतला.

तो बॉर्डर कॉली जातीचा होता, हुशार आणि देखणा. सात महिन्यांचा झाल्यावर तो मान जमिनीलगत आणून, डोळे रोखून, घोड्यांभोवती गोल फिरू लागला. आम्हाला त्याचे कौतुक वाटत असे. एके दिवशी त्याने शिंगरू असलेल्या घोडीला तारेच्या कोपऱ्यात कोंडले आणि तिने झाडलेल्या लाथेने त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला. यात ना कुत्र्याची चूक होती ना घोडीची. मेंढ्या वळवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या कुत्र्याला मी अशा जागी आणले होते, जिथे कोणालाही वळवण्याची गरज नव्हती. पुढील टप्पे त्या चुकीनंतर शिकलेले आहेत.

१. कुत्र्याकडून कोणते काम हवे आहे, ते आधी लिहून काढा

फार्मवर कुत्रा ठेवण्याची कारणे साधारण चार असतात : रात्रीची राखण, चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या खुराकाच्या, कोठीतील उंदीर-घुशींचा बंदोबस्त, रपेटीला सोबत आणि घरच्यांचा सहवास. ही चारही कामे उत्तम करणारा कुत्रा मी पाहिलेला नाही. तुमच्या दृष्टीने पहिले काम कोणते आणि दुसरे कोणते, एवढे कागदावर लिहा आणि बाकीची दोन सोडून द्या.

राखण म्हणजे काय, याविषयी नव्या मालकांचा हमखास गैरसमज असतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, संगमनेर, अकोले या उसाच्या पट्ट्यात रात्री येणारा पाहुणा चोर असेलच असे नाही, तो बिबट्याही असू शकतो. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारातील सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. हिमाचलातील गद्दी मेंढपाळ आपल्या दांडग्या कुत्र्यांच्या गळ्यातही लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात, यावरून काय ते समजावे. कुत्रा मोठा आणला म्हणून बिबट्या मागे फिरत नाही. उलट रात्री मोकळा असलेला किंवा साखळीने बांधलेला कुत्रा त्याला फार्मवर बोलावून आणतो. म्हणून अशा भागात कुत्र्याला अंधार पडल्यावर छत असलेल्या मजबूत जाळीच्या खोलीत ठेवावे लागते. तेथून तो भुंकतो, माणसे जागी होतात आणि दिवे लागतात. राखणीचा अर्थ इतकाच धरलात, तर चाळीस किलोच्या कुत्र्याची गरज उरत नाही.

२. जातीचे रूप बाजूला ठेवा आणि तिची मूळ प्रवृत्ती तपासा

घोडा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे. त्याला आजूबाजूचे जवळजवळ ३५० अंशांत दिसते, पण अगदी पाठीमागचे दिसत नाही. तेथे काही सळसळले तर तो आधी लाथ मारतो किंवा उधळतो आणि मग विचार करतो. त्यामुळे तबेल्यावरील कुत्र्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे घोड्यांविषयी त्याला मुळीच उत्सुकता नसणे. हा गुण डोक्यात ठेवून पुढील गटांकडे पाहावे.

गुरे आणि मेंढ्या वळवणारे कुत्रे, म्हणजे बॉर्डर कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग आणि कॉर्गी, परदेशी चित्रफितींत घोड्यांच्या शेजारी नेहमी दिसतात. तेथील मालकांनी त्यांच्यावर महिनोन्‌महिने मेहनत घेतलेली असते आणि चित्रफितीत ती दिसत नाही. कॉर्गी आणि कॅटल डॉग यांची निपज गुरांच्या टाचांना चावून त्यांना पुढे हाकण्यासाठी झाली. गाय लाथ मारते, तेव्हा बुटका कॉर्गी बहुधा तिच्या खालून निसटतो. नाल ठोकलेल्या घोड्याच्या बाबतीत त्या नशिबावर विसंबू नये. आपल्याकडे लोकप्रिय असलेला जर्मन शेफर्ड हाही मुळात मेंढपाळाचाच कुत्रा आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. तो शिकतो चांगला, पण घोडा दौडू लागला की त्याचे जुने काम त्याला आठवते. तुमच्याकडे दररोज तासभर प्रशिक्षणासाठी नसेल, तर या गटाकडे वळू नये.

दुसरा गट आपल्या दख्खनचा. कारवान, पश्मी, मुधोळ हाउंड आणि तमिळनाडूतील चिप्पीपराई हे सगळे नजरेने शिकार करणारे, सडपातळ आणि वेगवान कुत्रे आहेत. मुधोळचा कुत्रा २००५ साली भारतीय टपाल तिकिटावर आला आणि पुढे लष्करानेही त्याला प्रशिक्षणासाठी घेतले, तेव्हापासून त्याची मागणी वाढली आहे. ऊन त्याला सोसते, अंगावर केस कमी असल्याने गोचीड चटकन दिसते आणि घोड्याबरोबर पळण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. माझा स्वतःचा ओढा या कुत्र्यांकडे आहे, म्हणूनच इशारा देतो : ससा किंवा शेजाऱ्याची कोंबडी पळताना दिसली की मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. सहा फुटांचे पक्के कुंपण नसेल, तर हा कुत्रा आठवड्यातून दोनदा शेजारच्या वस्तीवरून परत आणावा लागतो आणि सोबत कोंबडीचे पैसेही द्यावे लागतात. शिवाय चरबी कमी असल्यामुळे काही भूल-औषधांचा अंमल या शरीरयष्टीच्या कुत्र्यांवर अधिक काळ राहतो. शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्यकांना जात आवर्जून सांगावी.

रॉटवायलर, डॉबरमन आणि त्यांच्यासारखे राखणदार खाजगी तबेल्यावर चालू शकतील. जिथे रोज नवी मुले शिकायला येतात, पालक गाड्या घेऊन फाटकाशी उभे असतात आणि नालबंद, कडबावाला, पशुवैद्यक सतत ये-जा करतात, तिथे ते ठेवू नयेत. लॅब्रेडोर स्वभावाने उत्तम आहे, परंतु तो हावरट असतो, तबेल्यातील सांडलेले सर्व काही खातो आणि लवकर लठ्ठ होतो. जॅक रसेल टेरियर उंदरांचा कर्दनकाळ आहे आणि इंग्लंडमधील तबेल्यांत तो जागोजागी आढळतो. मात्र तो बिळांच्या मागे कुरणात खड्डे खणतो आणि अशा खड्ड्यात पाय अडकून घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. तो घेतलात तर त्याच्या मागून फावडे घेऊन फिरण्याची तयारी ठेवा. डाल्मेशियन हा एके काळी ब्रिटनमध्ये घोडागाडीबरोबर धावण्यासाठीच ठेवला जाई, म्हणून तो आपल्यालाही योग्य, असे अनेक जण सांगतात. ते अर्धे खरे आहे, कारण दररोज आठ-दहा किलोमीटरची रपेट करणाऱ्यालाच त्याची ऊर्जा पेलते. या जातीत जन्मजात बहिरेपणा आणि मूतखडे यांचे प्रमाणही अधिक असते. घोड्याच्या टापा ऐकू न येणारा कुत्रा तबेल्यात किती दिवस सुखरूप राहील, याचा विचार करावा.

आता ज्या कुत्र्यांची जाहिरात कोणी करत नाही, त्यांच्याविषयी. गावठी कुत्रा मध्यम बांध्याचा, काटक आणि सावध असतो. त्याला अनोळखी माणूस आल्याचे कळते, तो भुंकतो आणि अंतर राखून उभा राहतो. हे अंतर राखणे घोड्यांच्या बाबतीतही उपयोगी पडते. त्यातही मला सर्वांत भरवशाचे वाटते ते धनगरांच्या वाड्यावर जन्मलेले पिल्लू. दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे उतरणारे आणि पावसाळ्यापूर्वी परत फिरणारे हे वाडे बिऱ्हाडाचे सामान घोड्यांवर लादून चालतात. तेथील पिल्ले डोळे उघडल्यापासून मेंढरांच्या आणि घोड्यांच्या पायांतच वाढतात. घोड्याच्या मागून जायचे नाही, हे त्यांना त्यांच्या आईने आधीच शिकवलेले असते. त्यांची वंशावळ कागदावर नसते, पण आई समोर असते आणि तिचे वागणे तुम्ही अर्धा तास बसून पाहू शकता. आमच्याकडे सध्या असलेली कुत्री अशाच एका वाड्यावरून आली. मागताना मान राखून मागावे, कारण चांगल्या कुत्रीची पिल्ले वाड्यालाही हवीच असतात.

३. हवामान

याविषयी थोडक्यात सांगतो. हस्की, सेंट बर्नार्ड आणि दाट दुहेरी केसांचे इतर कुत्रे आपल्या उन्हाळ्यात फार्मवर ठेवू नयेत. पग आणि बुलडॉग यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धाप लागून उष्माघात होतो, त्यामुळे तेही नकोत. पंखा लावलेल्या खोलीत ठेवू, असे म्हणणाऱ्याने कुत्रा घरासाठी घ्यावा, तबेल्यासाठी घेऊ नये.

४. पिल्लू की वाढलेला कुत्रा, हे ठरवा

पिल्लाचे वय तीन ते साधारण चौदा आठवडे असताना त्याने जे पाहिले, ऐकले आणि हुंगले, ते त्याला आयुष्यभर नेहमीचे वाटते. म्हणून पिल्लू घ्यायचे तर आठव्या ते दहाव्या आठवड्यात आणावे आणि लगेच घोड्यांचा वास व आवाज यांची सवय लावावी. परंतु पिल्लाला घोड्यांपासून दूर ठेवण्याचे काम वर्षभर चालते. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार एकच असेल आणि तुम्ही शहरात नोकरी करत असाल, तर दोन-तीन वर्षांचा, निर्बीजीकरण झालेला, शांत स्वभावाचा कुत्रा दत्तक घेणे अधिक सोपे जाते. त्याचा स्वभाव आधीच घडलेला असतो, त्यामुळे निवड करताना अंदाज बांधावा लागत नाही.

वाढलेला कुत्रा घेण्यापूर्वी त्याला दोरीने धरून घोड्यांपासून वीस-पंचवीस फुटांवर उभे करावे आणि कोणाला तरी घोडा चालवायला व नंतर दुडक्या चालीने फिरवायला सांगावे. कुत्रा पाहून मान फिरवतो का, हुंगत बसतो का, की अंग ताठ करून टक लावतो, हे पाहावे. भुंकणारा कुत्रा पुढे सुधारतो. आवाज न करता टक लावणाऱ्याला मात्र नम्रपणे नकार द्यावा.

५. कागदपत्रे तपासा

व्यावसायिक विक्रेत्याकडून घेणार असाल, तर कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पुढील कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत :

- विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक आणि पिल्लाची जन्मतारीख लिहिलेली पावती
- लसीकरणाची पुस्तिका, जिच्यात पशुवैद्यकाची सही, शिक्का आणि लशीच्या बाटलीवरचे लेबल चिकटवलेले असेल
- जर्मन शेफर्ड किंवा लॅब्रेडोर असल्यास आईबापांच्या खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे, आणि डाल्मेशियन असल्यास श्रवणचाचणीचा अहवाल
- शुद्ध जातीचा दावा असल्यास केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणीपत्र
- दत्तक घेत असल्यास दत्तकपत्र आणि निर्बीजीकरणाचा दाखला
- फार्म महापालिका हद्दीत येत असल्यास तेथील परवान्यासाठी लागणारी कागदपत्रे

नोंदणीपत्र हे वंशावळीविषयी असते, स्वभावाविषयी त्यात एक अक्षरही नसते. मला पहिल्या वेळी त्या कागदाचे फार अप्रूप वाटले होते.

६. कुत्रा येण्यापूर्वी तबेला आवरा

हा टप्पा बहुतेक जण वगळतात आणि मग पशुवैद्यकाकडे रात्री धावतात. तबेल्यात घोड्यासाठी निरुपद्रवी आणि कुत्र्यासाठी घातक अशा वस्तू पुष्कळ असतात.

त्यांतील सर्वांत धोकादायक म्हणजे जंताची पेस्ट. १.८७ टक्के आयव्हरमेक्टिन असलेल्या ६.०८ ग्रॅमच्या एका सिरिंजमध्ये सुमारे ११३ मिलिग्रॅम औषध असते आणि ते साडेपाचशे किलोंच्या घोड्यासाठी असते. हृदयातील जंतांपासून बचावासाठी कुत्र्याला हेच औषध महिन्याला किलोमागे ६ मायक्रोग्रॅम दिले जाते, म्हणजे २० किलोंच्या कुत्र्याला जेमतेम ०.१२ मिलिग्रॅम. टाकून दिलेली सिरिंज चघळणे किंवा घोड्याने थुंकलेली पेस्ट चाटणे किती महागात पडेल, याचा हिशोब यावरून करावा. कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यासारख्या जातींतील अनेक कुत्र्यांत असा जनुकीय दोष असतो की हे औषध त्यांच्या मेंदूपर्यंत पोहोचते, त्यामुळे त्यांना फार थोड्या मात्रेनेही विषबाधा होते. झोकांड्या जाणे, बुबुळे विस्फारणे, लाळ गळणे, दिसेनासे होणे ही तिची लक्षणे आहेत. जंताचे औषध दिल्यावर निदान आठवडाभर घोड्यांची लीदही कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये, कारण औषधाचा बराच भाग लिदेतून बाहेर पडतो.

नालबंद आला की कुत्रे खुरांच्या कापट्यांसाठी रांग लावतात. ताज्या कापट्या थोड्या खाल्ल्याने सहसा बिघडत नाही, पण त्यांत मोडलेला खिळा असू शकतो आणि खुराला लावलेले औषधही असू शकते. नालबंदाचे काम चालू असताना कुत्रा बंद ठेवावा आणि जमीन झाडून, चुंबक फिरवून झाल्यावरच सोडावा. आमच्या नालबंदाने स्पीकरमधले जुने चुंबक काठीला बांधून दिले आहे, ते उत्तम काम करते.

कोठीत ब्रोमॅडिओलोनसारखे उंदीरनाशक ठेवत असाल, तर ते बंद करा. विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तरी रक्तस्राव होऊ शकतो. उलट दिशेचा धोकाही ध्यानात ठेवावा : गोचिडांसाठी वापरले जाणारे अमिट्राझ घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते आणि त्यातून गंभीर पोटशूळ उद्भवू शकतो. कुत्र्यासाठी कालवलेली ती बादली घोड्यांच्या पाण्याजवळ किंवा खरारा करण्याच्या ब्रशांजवळ जाता कामा नये.

साहित्य म्हणून पाच मीटरची हलकी दोरी, मजबूत हार्नेस, रात्रीची जाळीची खोली, झाकणाचे पिंप, चमकणारा गळपट्टा आणि पशुवैद्यकाचा क्रमांक भिंतीवर लिहिलेला, एवढे पुरते.

७. घोड्यांशी ओळख सावकाश करून द्या

पहिले तीन दिवस कुत्र्याला घोडे फक्त लांबून दिसावेत. चौथ्या दिवसापासून सर्वांत म्हाताऱ्या आणि शांत घोड्यापासून सुरुवात करावी. शिंगरू असलेली घोडी यादीत शेवटी ठेवावी, आणि शिंगरू सहा महिन्यांचे होईपर्यंत तिच्या कुरणात कुत्र्याला नेऊच नये. घोडा एकाने धरावा आणि कुत्रा दुसऱ्याने. दोन्ही दोऱ्या एकट्याने धरण्याचे धाडस मी एकदा केले आणि माझ्या तळहाताची सालटे निघाली.

कुत्र्याने घोड्याकडे पाहून नजर तुमच्याकडे वळवली की त्याला खाऊ द्यावा. घोड्याकडे ओढ घेतली, तर काही न बोलता उलट दिशेने चालू लागावे. रोज दहा-पंधरा मिनिटांचे दोन पाठ पुरेत. घोड्याच्या मागून न जाता त्याच्या खांद्याच्या बाजूने, त्याला दिसेल असे जाण्याची सवय याच काळात लावावी. दोरी सैल पडलेली असताना सलग दोन आठवडे कुत्रा स्वस्थ राहिला, तर ती जमिनीवर ओढत राहू द्यावी आणि त्यानंतरच काढावी. रपेटीला नेताना कुत्र्याची दोरी खोगिराला कधीही बांधू नये. मोठ्या जातीच्या कुत्र्याला तो वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत घोड्यामागे लांबवर पळवूही नये, कारण त्याची हाडे अजून वाढत असतात.

८. लसी

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्हो यांच्या संयुक्त लशीचे डोस, तीन महिन्यांना रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी बूस्टर द्यावा. शहरात काही जण लेप्टोस्पायरोसिसची लस टाळतात. फार्मवर उंदीर आणि पावसाचे साचलेले पाणी असल्याने ती टाळू नये, कारण हा रोग कुत्र्याला, घोड्याला आणि माणसालाही होतो. रेबीज घोड्यालाही होतो. घोड्याला कुत्र्याने चावल्यास जखम साबणाने व भरपूर पाण्याने धुऊन त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. चावणारा कुत्रा आपलाच असला, तरी धनुर्वाताच्या लशीविषयी विचारावे, कारण धनुर्वाताची बाधा घोड्याला फार लवकर होते.

९. जमलेच नाही तर

दोन महिने नियमाने मेहनत घेऊनही कुत्रा घोड्यांच्या टाचांकडे झेप घेत असेल, तर त्याला आणखी एक संधी देण्याचा मोह आवरावा. त्याला रस्त्यावर किंवा दुसऱ्या गावात सोडून येणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे. त्याच्या सवयी, लसी आणि आजारपण प्रामाणिकपणे लिहून, जिथे घोडे आणि गुरे नाहीत अशा घरी तो द्यावा. आमचा कॉली जबडा जुळल्यावर पुण्यातील एका कुटुंबाकडे गेला. तेथे तो घरातील दोन मुलांना बागेच्या एका कोपऱ्यात गोळा करून ठेवतो आणि मुलांची त्याला काही हरकत नाही.